बरे वाटण्याच्या साध्या सवयी आणि विसाव्याचा हक्क



गेल्या उन्हाळ्यात जयपूरच्या आमच्या युनियन ऑफिसात एक पॉइंट्समन आला. जळगावकडचा मुलगा, वय तिशीच्या आतबाहेर. नाईट ड्युटी संपवून तसाच आला होता. आम्ही नेहमीच्या सवयीने कागद पुढे ओढला आणि विचारले, "बोल, काय केस आहे? बदली, इन्क्रिमेंट की चार्जशीट?"

तो म्हणाला, "भाऊ, केस काहीच नाही. बरं वाटत नाही."

ताप आहे का? नाही. छातीत दुखते का? नाही. दवाखान्यात दाखवले का? दाखवले, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. "पण भाऊ, घरी फोन करावासा वाटत नाही. डब्यावर मन जात नाही. ड्युटीवर गेलं की कधी संपते असं होतं, आणि संपली की झोप येत नाही."

आमच्या ऑफिसच्या कपाटात प्रत्येक गोष्टीचा फॉर्म आहे. ओव्हरटाइमचा आहे, टी.ए.चा आहे, क्वार्टरचा आहे, म्युच्युअल ट्रान्सफरचा आहे. 'बरे वाटत नाही' या तक्रारीचा फॉर्म नाही. त्या दिवशी आम्ही पेन खाली ठेवले आणि दोन कप चहा मागवला. त्याने चहा बघून सांगितले की रात्रीपासूनचा हा त्याचा नववा कप आहे. मग आम्ही एकेक विचारत गेलो. पाणी शेवटचे कधी प्यायलास? आठवत नव्हते. काल काय खाल्लेस? दोन समोसे. आईशी कधी बोललास? दहा-बारा दिवस झाले असतील. आणि पूर्ण चोवीस तासांच्या वर सलग सुट्टी शेवटची कधी मिळाली? या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "रजिस्टरात दर आठवड्याला मिळते, भाऊ."

या अंकाचे संपादकीय आम्ही याच विषयावर लिहायचे ठरवले आहे. माणसाला लवकर बरे वाटावे यासाठी रोजच्या कोणत्या साध्या सवयी उपयोगी पडतात, आणि त्या सवयी पाळता याव्यात म्हणून संघटनेने काय केले पाहिजे, हा तो विषय होय.

हा विषय युनियनचा आहे काय?

काही जुने साथी म्हणतील, सेक्रेटरी आता म्हातारा झाला, व्याख्याने देऊ लागला. पाणी प्या, चाला, झोपा, हे सांगायला युनियन कशाला हवी? शिवाय ही तर प्रशासनाची भाषा झाली. जागा भरायच्या नाहीत, एका माणसाकडून दीड माणसाचे काम घ्यायचे, आणि तो थकला की त्याला प्राणायामाचे पत्रक द्यायचे.

हा आक्षेप खोटा नाही. २०१५ सालापासून दरवर्षी २१ जूनला योग दिवस साजरा होतो. कामगारांनी त्यात जरूर भाग घ्यावा, आमचा त्याला विरोध नाही. पण सकाळी सहाला चटईवर बसवलेला माणूस आदल्या रात्री दोनला ड्युटीवरून सुटला असेल, तर त्याला आसनाची नाही, झोपेची गरज आहे, एवढे कळण्यास पदवी लागत नाही. आम्ही मॅट्रिक पास आहोत, आम्हालाही कळते.

पण म्हणून हा विषयच टाकून द्यायचा काय? आमच्या चळवळीचा इतिहास वेगळे सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुरुवातीला रेल्वेत व पुढे पोस्टखात्यात नोकरी केली, म्हणजे ते तुमचे-आमचे थेट पूर्वज. नंतर ते गिरणीत स्टोअरकीपर झाले आणि 'दीनबंधू' चालवू लागले. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी त्यांनी ज्या मागण्या लावून धरल्या, त्यांत आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही मागणी अग्रभागी होती. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. पगारवाढीइतकीच विसाव्याची मागणी महत्त्वाची आहे, हे लोखंड्यांनी एकशे तीस वर्षांपूर्वी ओळखले होते. १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांना मरण आले. २००५ साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. ते तिकीट आमच्या किती पोस्टमन बंधूंनी ठसा मारून घरोघर पोहोचवले असेल!

तेव्हा शरीराला आणि मनाला बरे वाटणे, हा कामगार चळवळीचा जुना विषय आहे. तो आपण मधल्या काळात डॉक्टरांवर आणि बाबा-महाराजांवर सोडून दिला, ही आपली चूक.

जयपूरचा धडा

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा जयपूर डिव्हिजन पश्चिम रेल्वेत होते. १ ऑक्टोबर २००२ रोजी उत्तर पश्चिम रेल्वे स्थापन झाली, आणि ज्या कागदासाठी पूर्वी चर्चगेटच्या फेऱ्या माराव्या लागत, तो कागद जयपुरातच मिळू लागला. त्या जुन्या दिवसांत मुंबई, भुसावळ, वसईकडून इथे आलेली आणि इथेच राहिलेली मराठी कुटुंबे आजही आहेत. या शहराने आम्हाला एक गोष्ट शिकवली, ती इथे सांगण्यासारखी आहे.

जयपूर फूट तुम्ही सर्वांनी ऐकला असेल. १९६८ च्या सुमारास इथल्या सवाई मानसिंग हॉस्पिटलात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी तो तयार केला. त्याआधी परदेशी पद्धतीचे कृत्रिम पाय होते, पण ते बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेले होते. आमचा माणूस मांडी घालतो, उकिडवा बसतो, शेतात अनवाणी चिखल तुडवतो. त्याला तो पाय चालेना, आणि तो घरी नेऊन कोपऱ्यात उभा करून ठेवी. शर्मा मास्टरजी फारसे शाळेत गेलेले नव्हते, पण माणूस बसतो कसा, उठतो कसा, हे त्यांनी नीट पाहिले आणि रबराचा असा पाय केला की त्यावर उकिडवे बसता येते. डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रेल्वे अपघातात पाय गमावलेले किती तरी लोक या पायावर पुन्हा उभे राहिले आहेत.

धडा असा की, उपाय माणसाच्या जगण्यात बसला तरच तो उपाय. सकाळी पाचला उठा, तासभर फिरा, आठ तास शांत झोपा, हे पुस्तकात ठीक आहे. फिरत्या रोस्टरवरचा स्टेशन मास्तर, गेटमन, लोको पायलट, आर.एम.एस.मध्ये रात्री उभ्याने टपाल निवडणारा सॉर्टर, उन्हात सायकल हाणणारा पोस्टमन, यांना ते लागू पडत नाही. म्हणून खाली दिलेल्या सवयी आम्ही आपल्या लोकांच्या कामाच्या मापाने बेतल्या आहेत. एकीलाही पैसे लागत नाहीत.

पहिली सवय : पाणी

अंग जड वाटणे, डोके दुखणे, कारण नसताना चिडचिड होणे, यामागे पुष्कळदा पाण्याची कमतरता असते. आणि तहान लागेपर्यंत शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते. वय वाढते तशी तहान उशिरा कळते. मे महिन्यात जयपूर, नागपूर, भुसावळ इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. रुळांवर आणि खडीवर तो त्याहून जास्त भासतो. ट्रॅकमनने आणि पोस्टमनने तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने चार घोट पाणी घ्यावे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे, गडद असेल तर कमी पडते आहे, ही घरच्या घरी करायची तपासणी होय.

घाम फार गेला, उलटी-जुलाब झाले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे प्यावे. चमचा चहाचा. ज्यांना ब्लड प्रेशर, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मिठाबाबत डॉक्टरांना विचारावे. ताक आणि इकडची राबडी ही उन्हाळ्याची जुनी पेये आहेत, ती बाटलीबंद थंड पेयांपेक्षा केव्हाही चांगली.

दुसरी सवय : दहा मिनिटे चालणे, तेही उजेडात

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, आणि थोडीशी हालचालही काहीच न करण्यापेक्षा बरी. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तोही एकदम नको, दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतात. दहा मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालून आल्यावर मन हलके होते, हा अनुभव त्याच दिवशी घेता येतो. त्यासाठी महिनाभर थांबावे लागत नाही.

आमच्यातले काही म्हणतील, ट्रॅकमन आणि पोस्टमन दिवसभर चालतातच. खरे आहे. त्यांना चालणे नको, पाय वर करून दहा मिनिटे पडणे हवे. पण तिकीट खिडकीवर, कंट्रोलमध्ये, पोस्टाच्या काउंटरवर आठ-आठ तास बसणाऱ्यांनी दर तासाला उठून फेरी मारावी. जयपूरकरांना रामनिवास बाग आहे, सेंट्रल पार्क आहे. ज्यांना काही नाही त्यांना प्लॅटफॉर्म आहे.

सकाळच्या उजेडाचे महत्त्व वेगळे सांगितले पाहिजे. आमच्या शरीरात एक घड्याळ असते. या घड्याळाची आतली रचना शोधून काढणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ रोज उजेडावर जुळवून घ्यावे लागते. इथल्या जंतरमंतरवर सावलीवरून वेळ सांगणारे सम्राट यंत्र आहे. त्याची वेळ आणि आपल्या स्टेशनच्या घड्याळाची वेळ यांत सुमारे सत्तावीस मिनिटांचा फरक पडतो, कारण रेल्वेची वेळ साऱ्या देशाला एक आणि सूर्य मात्र गावागावाचा वेगळा. रेल्वेवाल्याच्या शरीराचे असेच होते. रोस्टर एक सांगतो, सूर्य दुसरे सांगतो. दिवसपाळीच्या माणसाने उठल्यावर थोडा वेळ उघड्यावर उजेडात घालवला, तर हे घड्याळ जुळते आणि रात्रीची झोपही वेळेवर येते.

तिसरी सवय : लांब उच्छ्वास

वरिष्ठांचा फोन आला, प्रवासी अंगावर धावून आला, काउंटरवर सर्व्हर बंद पडून रांग ओरडू लागली, अशा वेळी छाती धडधडते. त्यावर दोन मिनिटांचा उपाय असा. मनात चार मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा मोजत सावकाश सोडावा. असे दहा वेळा. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंद होतात. म्हणून सोडणे लांबवले की शरीराला आपोआप शांत होण्याची सूचना मिळते. यात गूढ काही नाही. मुंबईच्या लोकल गाड्यांतली भजनी मंडळे वर्षानुवर्षे हेच करत आली आहेत. गाताना उच्छ्वास लांबतो, चार जण बरोबर असतात, आणि तासाभराचा त्रासाचा प्रवास सुसह्य होतो.

गाडी चालवताना किंवा सिग्नल हाताळताना मात्र मोजत बसू नये. तिथे लक्ष एकाच ठिकाणी पाहिजे.

चौथी सवय : झोपेची राखण

रात्रपाळी अंगाला मानवत नाही, हे आम्हा सर्वांना माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रात्रपाळीच्या कामाची नोंद कर्करोगाचे संभाव्य कारण म्हणून केली आहे. घाबरवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. रात्रपाळी करणाऱ्याची झोप ही चैन नसून औषध आहे, हे घरातल्यांनाही कळावे म्हणून सांगतो.

रात्रपाळीला जाण्याआधी दुपारी किंवा संध्याकाळी एक डुलकी काढावी. सकाळी घरी येताना उन्हाचा चष्मा लावावा, कारण डोळ्यांवर पडलेला सकाळचा उजेड शरीराला सांगतो की आता जागायचे. घरी आल्यावर थोडे खावे, खोलीला जाड पडदा लावावा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. मुलांना समजावून सांगावे की बाबा किंवा आई दिवसा झोपतात, कारण रात्री गाड्या आणि टपाल त्यांच्या जिवावर चालतात.

पाचवी सवय : खोट्या आरामाला ओळखणे

लवकर बरे वाटण्याचे काही मार्ग आपल्या लोकांना फार चांगले ठाऊक आहेत. कडक चहा, तंबाखूची चिमूट, बिडी, आणि ड्युटी संपल्यावरचा एक पेग. यांनी बरे वाटत नाही असे आम्ही म्हणणार नाही, कारण आम्ही स्वतः अठरा वर्षे तंबाखू चोळली आहे. पण हिशेब नीट मांडावा.

चहातला उत्तेजक अंश पाच-सहा तासांनीही निम्मा शरीरात उरतो. पहाटे चारला घेतलेला चहा सकाळी नऊला पडद्याआड तुमच्याशी भांडत असतो. म्हणून चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्यावा, दुसऱ्या अर्ध्यात पाणी. तंबाखूचे गणित याहून वाईट. तिची चिमूट जी बेचैनी घालवते, ती बेचैनी आधीच्या चिमटीनेच आणलेली असते. सावकाराने व्याज फेडायला पुन्हा कर्ज द्यावे तसा हा प्रकार. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. दारूने झोप पटकन येते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते आणि सकाळी माणूस अधिक थकलेला उठतो.

सहावी सवय : रोज एका माणसाशी बोलणे

घरापासून दूर नोकरी करणाऱ्यांसाठी ही सवय आम्ही सर्वांत वर ठेवली असती, पण माणूस पाणी प्यायला आणि झोपला की तो बोलायला तयार होतो, म्हणून शेवटी घेतली. रोज दहा मिनिटे कुणाशी तरी कामाव्यतिरिक्त बोलावे. घरी फोन करावा तो नुसता 'पैसे पोचले का' यासाठी करू नये. डबा एकट्याने न खाता दोघांनी उघडावा. पोस्टमन बंधू हे जास्त जाणतात. टपाल देता देता म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द बोलले की त्यालाही बरे वाटते आणि आपल्यालाही. आता वितरणाचा प्रत्येक मिनिट मोबाईलवर मोजला जातो, त्यात हे दोन शब्द हरवत चालले आहेत, याची आम्हाला खंत वाटते.

भगिनींबद्दल

२०१७ साली मध्य रेल्वेचे माटुंगा स्थानक संपूर्ण महिला कर्मचाऱ्यांकडे आले. २०१८ साली जयपुरातले गांधीनगर स्थानक तसेच झाले. आम्हाला दोन्हींचा अभिमान आहे. पण 'दर अर्ध्या तासाला पाणी प्या' हे वाक्य आम्ही वर सहज लिहून गेलो आणि आमच्या एका ट्रॅकवुमन भगिनीने कच्चा मजकूर वाचून विचारले, "काका, पाणी प्यायचं आणि जायचं कुठे?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. सेक्शनवर, लेव्हल क्रॉसिंग गेटवर, छोट्या पोस्टात स्वच्छतागृह नसते म्हणून कितीतरी भगिनी ड्युटीभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीच्या मार्गाचे जंतुसंसर्ग होतात, उन्हात चक्कर येते. त्यांच्यापुढे सवयीचे प्रवचन म्हणजे जखमेवर मीठ. तिथे सवयीआधी स्वच्छतागृह आले पाहिजे. आणि घरी गेल्यावर दुसरी ड्युटी त्यांची वाट पाहत असते. तिथला चहा आणि भांडी घरातल्या पुरुषाने करावी. ही सुधारणा करायला कोणत्याही अधिकाऱ्याची सही लागत नाही.

प्रत्येक सवयीमागे एक मागणी

त्या भगिनीच्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. आता आम्ही असे म्हणतो : पाण्याच्या सवयीमागे गँगला पिण्याचे थंड पाणी आणि स्वच्छतागृह ही मागणी आहे. चालण्याच्या सवयीमागे काउंटरवर रिलीव्हरची मागणी आहे. झोपेच्या सवयीमागे शांत रनिंग रूमची आणि अंधार करता येणाऱ्या क्वार्टरची मागणी आहे. बोलण्याच्या सवयीमागे वेळेवर मिळणाऱ्या रजेची मागणी आहे. आणि या सर्वांच्या मागे रिकाम्या जागा भरण्याची मागणी आहे.

रेल्वे बंधूंनी आपला कायदा पाठ ठेवावा. रेल्वे अधिनियम १९८९ प्रमाणे 'कंटिन्युअस' वर्गातल्या कर्मचाऱ्याचे काम चौदा दिवसांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तासांपेक्षा जास्त असता कामा नये, 'इन्टेन्सिव्ह' वर्गाचे ४५ तासांपेक्षा. या दोन्ही वर्गांना दर आठवड्याला सलग किमान ३० तासांचा विसावा आहे. 'इसेन्शियली इंटरमिटंट' वर्गाला सलग २४ तास, आणि त्यात एक पूर्ण रात्र आली पाहिजे. अपवादाच्या प्रसंगी यात सूट देता येते, पण अपवाद हाच नियम होऊ लागला तर बोलले पाहिजे. हे तास आकाशातून पडलेले नाहीत. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी १९४६ साली पोस्ट-तार कर्मचाऱ्यांच्या आणि १९४७ साली रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मागण्यांवर निवाडे दिले, त्यामागे कामगारांची एकजूट उभी होती.

म्हणून सातवी सवय आम्ही संघटनेची सांगतो. दर आठवड्याला आपल्या डायरीत स्वतःच्या हाताने तीन गोष्टी लिहा : ड्युटीवर कधी गेलो, कधी सुटलो, सलग विसावा किती तास मिळाला. रजिस्टर काय म्हणते ते राहू द्या. डायरी असेल तर आमचा कागद मजबूत होतो, आणि लिहिणाऱ्यालाही कळते की आपल्याला बरे का वाटत नाही. पुष्कळ माणसे स्वतःला दुबळी समजतात. खरे पाहता ती फक्त थकलेली असतात.

सवयी कुठे पुऱ्या पडत नाहीत

एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे. या सवयी म्हणजे सर्व रोगांवरचा रामबाण नव्हे. छातीत दाब, डाव्या हातात कळ, अचानक तोंड वाकडे होणे, हाताची ताकद जाणे, बोलणे अडखळणे, अशा वेळी श्वास मोजत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. उदासी, कशातच रस न वाटणे, झोप-भूक उडणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जगू नये असे विचार मनात आले तर दोन आठवडेही थांबू नका. १४४१६ हा टेली-मानस सेवेचा मोफत क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. तिथे फोन केल्याने कुणी वेडा ठरत नाही. सिग्नल बिघडला तर आपण मेंटेनरला मेमो देतोच ना? त्यात सिग्नलची अब्रू जात नाही.

आणि ज्याचा साथी एकाएकी गप्प झाला असेल, त्याने त्याला सरळ विचारावे, "तुझे बरे आहे ना?" विचारल्याने काही बिघडत नाही. न विचारल्याने बिघडलेले आम्ही पाहिले आहे. अशी एक तसबीर आमच्या ऑफिसच्या भिंतीवर आहे. त्याबद्दल इथे अधिक लिहिणार नाही. एवढेच सांगतो की शेवटचा महिनाभर तो रोज आमच्यासमोर चहा पीत होता आणि आम्ही त्याला फक्त त्याच्या एरियर्सबद्दल विचारत होतो.

त्या मुलाचे काय झाले

जळगावच्या त्या पॉइंट्समनला आम्ही त्या दिवशी युनियन ऑफिसातच पंखा लावून झोपवले. तो पाच तास झोपला. उठल्यावर पाणी दिले आणि शेजारच्या मराठी कुटुंबाकडून आलेली भाकरी आणि पिठले दिले. मग आमच्याच फोनवरून त्याने आईला फोन लावला. काय बोलला ते आम्ही ऐकले नाही, बाहेर जाऊन उभे राहिलो.

पुढचे दोन आठवडे त्याने डायरी लिहिली. त्या डायरीच्या आधाराने आम्ही संबंधितांकडे विषय नेला, आणि त्याच्यासह त्या स्टेशनवरच्या चार जणांना रजिस्टरातला विसावा प्रत्यक्षात मिळू लागला. सलग तीस तास मिळालेल्या पहिल्या आठवड्यात तो पुन्हा ऑफिसात आला. आम्ही विचारले, "आता कसं?" म्हणाला, "भाऊ, एकदम ठीक आहे असं नाही. पण काल डबा पूर्ण खाल्ला."

आम्हाला तेवढे पुरे वाटले. बरे वाटणे हे असेच डब्या-डब्याने येते.

सर्व शाखांना आमची विनंती आहे की पुढच्या गेट मीटिंगमध्ये दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. प्रत्येक शाखेने ऑफिसात पाण्याचा माठ भरलेला ठेवावा, १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहावा, नव्याने बाहेरगावाहून आलेल्या प्रत्येक कामगारामागे एक जुना साथी नेमावा, आणि प्रत्येक सभासदाला डायरी लिहायला लावावी. महिनाभराने डायऱ्या गोळा करून कुठे किती विसावा बुडतो याची यादी आमच्याकडे पाठवावी. त्या यादीवर पुढची लढाई लढता येईल.

विसावा हा हक्क आहे, तो घेऊ. शरीर आपले आहे, ते जपू. साथी आपला आहे, त्याला विचारू.

कामगार एकजुटीचा विजय असो!